न्हाव्याचा केशरी बोका

नसबंदी झाली की आम्ही मांजराच्या कानाचं टोक कापतो, म्हणजे अथेन्सहून डॉक्टर बोटीने आले की तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही. बेटावरचे सगळे बोके असे कानकापे झाले. तरी या वसंतात जन्मलेलं प्रत्येक पिल्लू केशरी. पर्यटक फोटो काढून खूश, मी हैराण. केशरी बोका बेटावर एकच, लिनार्दोस न्हाव्याचा, आणि त्याचाही कान कापलेला. शेवटी मी त्याला धरून उलटा केला. सगळं जागच्या जागी होतं.

"काका, याचा कान कोणी कापला?"

गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत काका म्हणाले, "मीच. पण माझ्या खुर्चीत बसलेल्याला विचारल्याशिवाय मी कात्री लावत नाही, पोरी. तो म्हणाला, एवढंच पुरे."