अर्ध्या करंगळीचा पंजा

धावडा गावच्या विहिरीत कुणीतरी परदेशी मांगूर मासा सोडला होता. तो तिथले गावठी मासे फस्त करी. बद्रीनाथ गुरुजींनी चौथीच्या पोरांना सांगितलं, "दिसला की चिठ्ठीवर काढून पेटीत टाका. सक्ती न्हाई, गृहपाठ न्हाई हा. मासा केवढा ते कळायला शेजारी आपला पंजा ठेवून गिरवा."

जूनपासून शाळेच्या पेटीत चिठ्ठ्या पडू लागल्या. त्यांत दर महिन्याला एक चिठ्ठी अर्ध्या करंगळीच्या पंजाची असे.

वर्गात सगळ्यांच्या करंगळ्या धड होत्या. अर्धी करंगळी होती नंदाबाईच्या लेकीची, छबूची, कडबाकुट्टीत तुटलेली. आणि छबू दोन वर्षांपूर्वी त्याच विहिरीत बुडाली होती.

गुरुजी कुणाला काही बोलले नाहीत. पण फेब्रुवारीत मासा काढायला विहीर उपसायचं ठरलं, तेव्हा मात्र त्या नऊ चिठ्ठ्या घेऊन ते नंदाबाईकडे गेले.

"थट्टा तर न्हाई ना करून राह्यले, गुरुजी?" म्हणत तिनं चिठ्ठ्या एकीवर एक रचल्या आणि उन्हात धरल्या. आरपार दिसणाऱ्या एकेका पंजाच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

मग तिनं गुरुजींचे पाय धरले.

"विहीर उपसू देऊ नका. हात वाढून राह्यला तिचा."