तेच गाणं

डान्स-व्यायामाच्या वर्गात माइकवर "उचला पाय, उचला!" ओरडून बाईंचा घसा बसला. शेवटी वैतागून त्यांनी गाणं बंद केलं, आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि बहिणीला फोन लावला.

"ताई, कितीही धडाकेबाज गाणं लावा, या बायका जागच्या हलत नाहीत गं! इथे माझा गुडघा ठणकतोय आणि मी एकटीच उड्या मारतेय वेड्यासारखी. उद्यापासून बंदच करते सगळं."

बाहेर येऊन त्यांनी चरफडत तेच गाणं पुन्हा लावलं, तर अख्खा वर्ग उसळला. मागच्या रांगेतल्या गप्पिष्ट आजीसुद्धा.

"मघाशी काय झालं होतं?" बाई खेकसल्या.

"तुम्ही बसा हो," आजी धापा टाकत म्हणाल्या, "गुडघ्याला आराम द्या."

गुडघ्याचं तर फक्त ताईला सांगितलं होतं. बाईंचा हात गालाजवळच्या माइककडे गेला.

तो सुरूच होता.