तिसरा टेक

डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यात सिस्टरनी बारा वर्षं काढली होती. नाडीवर बोटं ठेवली की डॉक्टर डोळे मिटायचे, मध्येच कुणी बोललं तर हातानेच गप्प करायचे. पुढे टीव्हीवरच्या कार्यक्रमाने ते घराघरांत पोचले आणि निवडणूक जिंकून थेट आरोग्यमंत्री झाले.

आज ते सिस्टरच्या वॉर्डात आले. मंत्री आले म्हणजे कॅमेरे आलेच. सहा नंबरच्या आजोबांचं मनगट हातात घेऊन त्यांनी विचारपूस केली. पहिल्या टेकला लाइट कमी पडला, दुसऱ्याला कुणाचा तरी फोन वाजला.

तिसऱ्या टेकला त्यांनी पुन्हा नाडी धरली आणि एकदम डोळे मिटले. सिस्टर खाटेकडे सरकल्या.

पण दुसऱ्याच क्षणी ते कॅमेऱ्याकडे बघून हसले. "झोपू द्या आजोबांना. दोन दिवसांत ठणठणीत होतील!"

दाराशी उभ्या असलेल्या आजोबांच्या लेकीने भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

जाता जाता डॉक्टर सिस्टरच्या कानाशी वाकले.



"सिस्टर, अकरा वीसला गेले. केसपेपरवर मात्र आमची गाडी निघाल्यानंतरची वेळ टाका."