लाल दांडी

फांद्यांचा चुरा करणाऱ्या मशीनमध्ये बाबांचा हात ओढला गेला आणि ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका तेच ऐकवत होते, “मशीनच्या तोंडाशी लाल दांडी आहे. नुसती ढकलली तरी मशीन जागच्या जागी थांबतं. पण दादाचं लक्ष कधी कामात होतं?”

मुलगी रोज हे ऐकत होती. आज वखारीत चार माणसं जमली, तेव्हा तिनं मशीन सुरू केलं आणि काकांच्या हातात एक फांदी दिली.

“सारा आत, काका. तुमचा हात ओढला गेलाच, तर दांडी मी ढकलते.”

 

“थांब,” फांदी टाकून मागे सरत काका म्हणाले, “आधी दांडीची वायर जोडू दे.”