पानांची मागची बाजू

धाकटी आईच्या खोलीत शिरली आणि तिची पहिली नजर गेली ती खिडकीतल्या कुंड्यांवर. "ताई, अगं काय हाल केलेस झाडांचे?"

तिने एका पानाखाली पांढरा कागद धरला आणि पानाला टिचकी मारली. कागदावर तिखटाच्या कणांएवढे ठिपके पडले आणि चालू लागले. लाल कोळी, ती म्हणाली. पानामागे बसून रस शोषतात, वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. खोलीची हवा कोरडी असली की त्यांचं चांगलंच फावतं.

आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून खोली कोरडी ठेवावी लागते, असं ताईने सांगितलं. ते ऐकायला धाकटी थांबली नव्हती. ती मोरीत साबणाचं पाणी करत होती.

आई अंथरुणाला खिळून चार वर्षं झाली. एवढ्या काळात ताईने धाकटीकडे एकच गोष्ट मागितली होती. मंगळवारी ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, दोनदा पुढे ढकललेलं. आठ दिवस आईला सांभाळ, एवढंच. धाकटी फोनवर "येते ना" म्हणाली होती. आली, आणि बाह्या सरसावून झाडांच्या मागे लागली. एकेक पान उलटं करून कापसाने पुसायची, तेही इतक्या हळुवार हाताने, की बघताना ताईला रडू यायचं. शेजारच्या पलंगावर दर दोन तासांनी आईची कूस बदलायचं काम मात्र ताईचं एकटीचं. एकदा तिने जरा हात लाव म्हटलं, तर धाकटीने साबणाने भरलेले हात दाखवले.

सोमवारी सकाळी धाकटीने बॅग भरली. दोनच दिवसांची रजा मिळाली गं, असं तिने चपला घालताना सांगितलं.

"आणि उद्याचं?" ताईने विचारलं.

"पुढच्या महिन्यातली तारीख घे ना. देतील की." मग तिने सगळ्यात मोठी कुंडी उचलून छातीशी धरली. "ही मी नेते. इथे हिचं काही खरं नाही. हिच्याकडे सतत कुणीतरी बघायला हवं."

ताईने दार उघडून धरलं. पानं अडकू नयेत म्हणून धाकटी लिफ्टमध्ये पाठमोरी शिरली.

ताईने दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली. तिसऱ्यांदा, असं पलीकडच्या बाईने ऐकवलंच. तोवर आईची कूस बदलून दोन तास होऊन गेले होते. ताई लगबगीने खोलीत गेली आणि तिने आईच्या खांद्याखाली हात घातला. आई खिडकीकडे बघत होती.

"दोन दिवसांत झाडांचं सोनं केलं बघ पोरीने," आई म्हणाली. "तुला इतक्या वर्षांत एक पान पुसावंसं वाटलं नाही."

ताईने पोटातली कळ ओठ दाबून सोसली आणि आईला भिंतीकडे वळवलं. मग चष्मा लावून, पाठ वरपासून खालपर्यंत नीट तपासली. चार वर्षं झाली, पण त्या पाठीवर अजून एक लाल ठिपका नव्हता.