दर नाकपुडीला एक
आमच्या केळव्याच्या नरहरीकाकांना उदबत्तीची अ‍ॅलर्जी होती आणि उदबत्तीशिवाय आमच्यात लग्नाची सुपारी फोडत नाहीत. त्यांच्या लेकीने, स्नेहलने, ती कामाला होती त्याच तारापूरच्या औषध कारखान्यातला कुशल पसंत केला, पाम गावाहून त्याची माणसं दोनदा आली, दोनदा ऐन मुहूर्तावर काका शिंकले आणि प्रेमलाआत्याने अपशकुन म्हणून पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा कुशलचे वडील दारातच म्हणाले, "आज शिंकलात तर आमी दुसरीकडं पोरगी बघतो." स्नेहलने बापाच्या हातावर अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांची पट्टी ठेवली. "बाबा, एकच घे हां." गोळी मसुरीएवढी होती. काकांनी दोन घेतल्या, दर नाकपुडीला एक या हिशोबाने. उदबत्ती पेटली. धूर सगळ्या पाहुण्यांना वळसा घालून थेट काकांच्या नाकात शिरला. अडकित्ता हवेत थांबला. अख्खं घर एका नाकाकडे बघत बसलं. इतक्या भक्तीने आमच्यात आरतीलाही कुणी उभं राहत नाही. काहीच झालं नाही. काकीने नकळत हात जोडले. मग आवाज आला, तो घोरण्याचा. काका बसल्या जागी झोपले होते. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने बराच विचार केला. "शिंकेचं मला ठाव हाय. घोरण्याचं कोणी काय सांगितलेलं नाय," ती कुजबुजली. "फोडा. पन हलू. जागा झाला तर शिंकंल." कुशलच्या वडिलांनी सुपारी रुमालात गुंडाळली आणि तान्हं बाळ निजलेल्या घरात फोडावी तशी, श्वास रोखून, फोडली.