दोनऐवजी एक

सत्यवतीबाईंनी सुनेला, मोनालीला आपली किडनी दिली. वर्षभराने अकोल्यातल्या तपासणीत त्याच किडनीत विषाणू वाढलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, "शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवल्यामुळे हे झालंय. दोनऐवजी एकच गोळी घ्या. शरीर विषाणूशी लढेल. मात्र ते किडनीवरही उलटू शकतं, म्हणून तपासण्या चुकवू नका." दर्यापूरला घरी मोनाली दोन्ही गोळ्या तळहातावर घेऊन बसली. "एक सोडली अन् तुमची किडनी गेली तं, आई?" सासूने एक गोळी उचलून डबीत परत टाकली. "दिली तवाच ते तुयी झाली. डॉक्टर म्हणते तसं कर. मले भेव नाही." मोनालीने उरलेली गोळी घेतली. तपासण्या चालू राहिल्या. दिवाळीआधी तिने दवाखान्यातूनच शेतात कापूस वेचणाऱ्या सासूला फोन केला. "आई, विषाणू गेला. किडनी चांगली हाय." "मले मालूम होतं," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि कपाशीतच मटकन बसल्या.